दीडशे अंशांवर टिकणारा जोड : ग्राफीन ऑक्साइड मिसळून उष्णता सहन करणारे इपॉक्सी ॲडहेसिव्ह कसे तयार करावे

हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या दोन ट्यूबांच्या इपॉक्सीने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवाव्यात आणि बाहेर काढताक्षणी पक्कडीने ओढून पाहाव्यात. थंड असताना हातोडीलाही दाद न देणारा तो जोड पुष्कळदा एका हिसक्यात सुटतो. रेझिन जळालेले नसते, त्याचे विघटनही झालेले नसते. ते फक्त मऊ पडलेले असते, आणि गार झाल्यावर पुन्हा दगडासारखे होते. ‘उष्णता सहन करणारे ॲडहेसिव्ह’ म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे : ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांचा, सतत १५० अंश सेल्सिअसला काम करणारा जोड. त्यासाठीचे इपॉक्सी ॲडहेसिव्ह ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ग्राफाइटपासून मिळणारे ऑक्सिजनयुक्त कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, मिसळून कसे तयार करावे, ते क्रमाने सांगितले आहे. मजकूर महाविद्यालयाच्या पॉलिमर प्रयोगशाळेत किंवा लहान कारखान्याच्या विकास विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे. स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत करण्याचा हा उद्योग नव्हे, कारण यात ॲसिटोनची वाफ, त्वचेला ॲलर्जी आणणारी रेझिने आणि १८० अंशांची भट्टी अशा तिन्ही गोष्टी आहेत.

उष्णता नेमके कोण सहन करते

इपॉक्सी ज्या तापमानाला काचेसारख्या कडक अवस्थेतून रबरासारख्या मऊ अवस्थेत जाते, त्याला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात; प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘टीजी’ म्हणतात आणि पुढे मीही तेच म्हणेन. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या साध्या इपॉक्सीचा टीजी ५० ते ६० अंशांच्या आसपास असतो. म्हणूनच वरच्या प्रयोगातला जोड उकळत्या पाण्यात सुटतो. विघटन मात्र फार पुढे, चांगल्या इपॉक्सीत ३५० अंशांनंतर, सुरू होते. जाहिरातीत ‘३०० अंशांपर्यंत स्थिर’ असे लिहिलेले असेल, तर तो आकडा टीजीचा आहे की विघटनाचा, हे आधी विचारावे. जोडाच्या ताकदीचा संबंध पहिल्याशी असतो.

टीजी ठरवतात ते रेझिन, हार्डनर आणि भट्टीचे वेळापत्रक. ग्राफीन ऑक्साइडने टीजी काही अंशांनी सरकतो, बहुधा वर आणि मिसळण्यात चूक झाली तर खालीही. पण ६० अंशांचे रेझिन त्याने १५० अंशांचे होत नाही. मग ते घालायचे कशाला? कारण असे की, टीजी वाढवण्यासाठी रेझिनच्या साखळ्या एकमेकींत घट्ट गुंफाव्या लागतात, आणि जाळे जितके घट्ट तितके ते ठिसूळ होते. भट्टीतून काढलेला जोड गार होताना ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत सुमारे २३ भाग आकसते, तर इपॉक्सी ५० ते ६५ भाग. तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत हा हिशेब जोडाच्या कडेला चुकता होतो आणि तिथे बारीक तडा जन्माला येतो. ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे या तड्याच्या वाटेत आडवे येतात, त्याला वळसा घ्यायला लावतात आणि त्याची ऊर्जा खातात. शिवाय सपाट पापुद्र्यांमुळे ऑक्सिजनला आत शिरण्याचा मार्ग लांबतो, म्हणून दीर्घकाळ गरम राहिलेले रेझिन थोडे हळू म्हातारे होते. त्याचे खरे काम एवढेच, आणि ते पुरेसे मोलाचे आहे.

अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये निखिल कोरटकर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की, वजनाने फक्त ०.१ टक्का ग्राफीन पापुद्र्यांनी इपॉक्सीची तडा रोखण्याची क्षमता ५३ टक्क्यांनी आणि ताणसामर्थ्य ४० टक्क्यांनी वाढते. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. पण ते पापुद्रे ग्राफाइट ऑक्साइड एकदम तापवून, म्हणजे त्यातला बराचसा ऑक्सिजन काढून, मिळवलेले होते. आपण वापरणार आहोत ते ऑक्सिजनसह असलेले ग्राफीन ऑक्साइड, त्यामुळे तेच आकडे आपल्या पत्र्यावर येतील असे गृहीत धरू नये.

ग्राफीन ऑक्साइड विकत घ्यावे, बनवू नये

ग्राफाइटचे ऑक्सिडीकरण ही जुनी प्रक्रिया आहे. ब्रॉडी यांनी ती १८५९ मध्ये केली, हमर्स आणि ऑफमन यांची पद्धत १९५८ ची, आणि सोडियम नायट्रेट वगळणारी, फॉस्फरिक आम्ल वापरणारी सुधारित पद्धत राइस विद्यापीठातील टूर यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केली. अलीकडच्या दोन्ही पद्धतींत संहत सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट टाकले जाते, आणि त्यातून तयार होणारे मँगनीज हेप्टॉक्साइड साधारण ५५ अंशांच्या वर गेले की स्फोट पावू शकते. काही ग्रॅम मालासाठी हा धोका पत्करण्यात काहीही शहाणपण नाही. शिवाय आम्ल धुऊन काढणे हे दिवसांचे काम असते, आणि पोटॅशियमचे क्षार मागे राहिले तर वाळलेले ग्राफीन ऑक्साइड अधिक सहज पेट घेते.

बाजारात ते पाण्यातील द्रावण, लगदा आणि कोरडी पूड अशा तीन रूपांत मिळते. माझे मत स्पष्ट आहे : पाण्यातले घ्यावे. एकदा पूर्ण वाळले की पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि मग सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवणारे यंत्र, कितीही चालवला तरी सगळे सुटत नाहीत. मी पहिल्या खेपेस स्वस्त पडते म्हणून पूड घेतली, खलात घोटली आणि थेट रेझिनमध्ये ढवळली. मिश्रण काळेभोर, दिसायला झकास झाले. पण जोड तुटल्यावर त्या पृष्ठभागावर मोहरीच्या फुटलेल्या दाण्यांसारखे काळे ठिपके दिसत होते, आणि जवळजवळ प्रत्येक ठिपक्यापासून एक तडा निघालेला होता. ग्राफीन ऑक्साइड न घातलेला जोड त्याहून मजबूत ठरला.

खरेदी करताना पुरवठादाराकडून एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी थरांची रचना तपासणाऱ्या चाचणीचा, आलेख मागावा. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या आलेखात ग्राफीन ऑक्साइडचे शिखर १० ते १२ अंशांच्या आसपास येते, २६.५ अंशांजवळ ठळक शिखर दिसले, तर माल म्हणजे बव्हंशी ग्राफाइटच आहे. ही शंका उगाच नाही. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरातील ६० उत्पादकांचे ‘ग्राफीन’ तपासून २०१८ मध्ये दाखवून दिले की, बहुतेक नमुन्यांत खऱ्या ग्राफीनचा वाटा १० टक्क्यांहूनही कमी होता. आलेख मिळाला नाही तर साधी परीक्षा करावी : थोडे द्रावण पाण्यात पातळ करून रात्रभर ठेवावे. चांगले ग्राफीन ऑक्साइड पातळ केल्यावर मधासारखे पिवळसर तपकिरी दिसते आणि सकाळी तळाशी गाळ नसतो. घट्ट द्रावण काकवीसारखे गडद असते, ते ठीकच. पातळ करूनही राखाडी-काळे राहून तळाशी बसणारे द्रावण परत करावे.

रेझिन, हार्डनर आणि वजनांचा हिशेब

१५० अंशांच्या कामासाठी बिस्फेनॉल-ए प्रकारचे साधे द्रव इपॉक्सी रेझिन आणि डीडीएस, म्हणजे डायअमिनोडायफिनाइल सल्फोन, हा हार्डनर अशी जोडी मी निवडली आहे. नीट घट्ट केली तर तिचा टीजी २०० अंशांच्या आसपास पोहोचतो, म्हणजे कामाच्या तापमानापासून हाताशी चांगले अंतर राहते. टीईटीएसारखे द्रव अमाइन हार्डनर वापरायला सोपे असतात, पण भट्टीत नंतर तापवूनही त्यांचा टीजी साधारण १२० ते १३० अंशांवर अडतो. याउलट २०० अंशांच्या पुढचे काम असेल तर नोव्होलॅक किंवा चार-इपॉक्सी गटांची रेझिने घ्यावी लागतात, आणि त्यांचा ठिसूळपणा हा वेगळा विषय आहे.

हार्डनरचे प्रमाण अंदाजाने घेऊ नये. हार्डनरचे अमाइन-हायड्रोजन तुल्यांक वजन भागिले रेझिनचे इपॉक्सी तुल्यांक वजन, गुणिले १००, एवढेच गणित आहे; तुल्यांक वजन म्हणजे विक्रियेत भाग घेणाऱ्या एका गटामागे येणारे वजन. डीडीएसचे तुल्यांक वजन ६२ आहे. रेझिनचे १९० असेल तर १०० ग्रॅम रेझिनला ३२.६ ग्रॅम डीडीएस लागते. रेझिनच्या प्रमाणपत्रावर १८४ लिहिले असेल तर ३३.७ ग्रॅम. प्रत्येक नव्या डब्याचे प्रमाणपत्र पाहण्याची सवय लावून घ्यावी.

एकूण मिश्रण १३२.६ ग्रॅम धरले, तर ०.१ टक्का म्हणजे ०.१३ ग्रॅम आणि ०.३ टक्का म्हणजे ०.४ ग्रॅम ग्राफीन ऑक्साइड. द्रावण दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम असेल तर त्याचे अनुक्रमे सुमारे ३३ आणि १०० मिलिलिटर घ्यावे लागतील. ०.५ टक्क्याच्या पुढे जाऊ नये : रेझिन दाट होते, हवा अडकते, पापुद्रे पुन्हा गोळा होतात, आणि भट्टीत ग्राफीन ऑक्साइडमधून निघणारे वायू आत बुडबुडे सोडतात.

पहिल्याच दिवशी तीन घाणे करण्याची योजना आखावी : शून्य, ०.१ आणि ०.३ टक्का. यातला शून्याचा घाणा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि पुष्कळ जण नेमका तोच चुकीचा करतात. त्यातही तेवढेच ॲसिटोन घालावे, तो तितकाच वेळ सोनिकेटरखाली ठेवावा आणि तितकाच वेळ निर्वातात सुकवावा. बाटलीतून थेट ओतलेल्या रेझिनशी तुलना केली, तर जो फरक दिसेल तो ग्राफीन ऑक्साइडचा की उरलेल्या ॲसिटोनचा, हे कधीच कळणार नाही.

पाणी काढायचे, पण वाळू द्यायचे नाही

सगळ्या कृतीतला नाजूक भाग हाच आहे. रेझिनला पाणी चालत नाही आणि ग्राफीन ऑक्साइडला वाळणे चालत नाही, म्हणून पाण्याच्या जागी टप्प्याटप्प्याने ॲसिटोन आणावे लागते. १०० मिलिलिटर द्रावणात ढवळत ढवळत २०० मिलिलिटर ॲसिटोन घालावे. मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये ५,००० ते ८,००० फेऱ्यांवर १५ ते २० मिनिटे फिरवावे, वरचा द्रव ओतून टाकावा, खाली राहिलेल्या जेलीसारख्या गोळ्यात पुन्हा ॲसिटोन घालून हलवावे. असे तीन-चार वेळा करावे. प्रत्येक वेळी गोळा ओलाच राहिला पाहिजे. त्याच्या कडेला कोरडी, चकचकीत खपली धरू लागली तर उशीर झाला असे समजावे. वरच्या द्रवात तपकिरी रंग दिसला तर तितके ग्राफीन ऑक्साइड वाया जात आहे. अशा वेळी फेऱ्या किंवा वेळ वाढवावा.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट : सेंट्रिफ्यूजच्या नळ्या पॉलिप्रोपिलीनच्या असाव्यात. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या नळ्या ॲसिटोनने तडकतात, आणि त्या फिरता फिरता फुटल्या तर यंत्राच्या पोटात ज्वालाग्राही वाफ भरते. झाकणे घट्ट असावीत आणि जवळपास ठिणगी पडेल असे काही नसावे. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, पण त्याची वाफ शून्याखालीसुद्धा पेट घेऊ शकते. काही जण ॲसिटोनऐवजी डीएमएफ वापरतात, कारण त्यात ग्राफीन ऑक्साइड अधिक काळ तरंगते. पण त्याचा उत्कलनबिंदू १५३ अंश आहे, ते रेझिनमधून पुरते निघत नाही, आणि मागे राहिलेला थेंब न् थेंब टीजी खाली ओढतो.

रेझिनमध्ये पसरवणे

ओला गोळा सुमारे १५० मिलिलिटर ताज्या ॲसिटोनमध्ये सोडून सोनिकेटरने पसरवावा. सोनिकेटर दांडीचा असेल तर भांडे बर्फात ठेवून पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद अशा ठेक्यात अर्धा तास पुरतो. टाकीवाला असेल तर एक तास. जास्त वेळ म्हणजे जास्त चांगले हा समज इथे उलटा पडतो, कारण पापुद्रे सुटल्यानंतर ऊर्जा त्यांचे तुकडे करण्यात जाते आणि लहान तुकडे तड्याला फारसे अडवू शकत नाहीत. ॲसिटोनमधले ग्राफीन ऑक्साइड काही तासांत खाली बसू लागते, तेव्हा त्याच बैठकीत १०० ग्रॅम रेझिन ५० अंशांपर्यंत कोमट करून त्यात घालावे आणि आणखी १५ मिनिटे सोनिकेटर चालवावा.

आता ॲसिटोन घालवायचे. हवाकपाटात, चुंबकीय ढवळणीवर, आधी ६० अंशांना बहुतेक ॲसिटोन उडू द्यावे. मग भांडे व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ७० ते ८० अंशांना ठेवावे. पंप एकदम पूर्ण सुरू केला तर रेझिन दुधासारखे उतू जाते आणि ओव्हनच्या आतल्या भिंती खरवडण्यात दिवस जातो. भांडे पाव भागच भरलेले असावे आणि निर्वात हळूहळू वाढवावा. साध्या, उघड्या कॉइलच्या ओव्हनमध्ये ॲसिटोनचे भांडे कधीही ठेवू नये. सगळे ॲसिटोन गेले की नाही, हे नाकाने नव्हे तर वजनाने ठरवावे. रिकाम्या भांड्याचे वजन आधी लिहून ठेवलेले असावे. आतला माल (०.३ टक्क्याच्या घाण्यात) १००.४ ग्रॅमच्या वर ०.२ ग्रॅमपर्यंत येईपर्यंत आणि लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत थांबावे. ॲसिटोन उरले तर ते टीजी तर कमी करतेच, शिवाय अमाइन हार्डनरशी विक्रिया करून हिशेबाने मोजलेले प्रमाणही बिघडवते.

रंग किंवा छपाईची शाई बनवणाऱ्या ओळखीच्या कारखान्यात ट्रिपल रोल मिल असेल, तर या टप्प्यावर रोलरमधले अंतर कमी करत तीन-चार फेऱ्या काढून घ्याव्यात. उरलेल्या गुठळ्या फोडायला तिच्यासारखे दुसरे यंत्र नाही. मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन वर पातळ काच दाबावी आणि सूक्ष्मदर्शकातून शंभरपट मोठा करून पाहावा. सर्वत्र सारखी तपकिरी धूसर छटा दिसली पाहिजे. स्वच्छ पिवळ्या रेझिनमध्ये काळी बेटे दिसत असतील, तर पुढचे हार्डनर आणि पत्रे वाया घालवू नयेत.

हार्डनर घालताना

डीडीएस ही १७५ अंशांच्या पुढे वितळणारी पांढरी पूड आहे. ती बारीक करून, चाळून, १२० ते १३० अंशांच्या रेझिनमध्ये थोडी थोडी घालत ढवळावी. साध्या रेझिनमध्ये ती विरघळली की मिश्रण काचेसारखे निवळते आणि काम झाल्याचे डोळ्यांना कळते. ग्राफीन ऑक्साइड घातलेल्या काळ्या मिश्रणात ही सोय राहत नाही. म्हणून शून्याचा घाणा आधी करून तो निवळायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहावे, बहुधा २० ते ३० लागतात, आणि काळ्या घाण्यांना तेवढाच वेळ व वर पाच मिनिटे द्यावीत. पुन्हा एक थेंब काचपट्टीवर घेऊन पांढरे कण उरले नाहीत ना, ते बघावे. तपकिरी छटा आता काळी होत गेलेली दिसेल. उष्णता आणि अमाइन मिळून ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढू लागतात, त्याचा हा परिणाम आहे. त्यात बिघडलेले काही नाही.

मग दहा मिनिटे निर्वातात ठेवून हवा काढावी. भट्टीत तापताना हे मिश्रण पाण्यासारखे पातळ होऊन जोडातून वाहून जाते, म्हणून १०० ग्रॅम रेझिनला २ ते ३ ग्रॅम फ्यूम्ड सिलिका, म्हणजे मिश्रण दाट करणारी सिलिकेची अतिबारीक पूड, घालावी. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, ही सिलिका आणि डीडीएस दोन्ही आदल्या रात्री ओव्हनमध्ये सुकवून डिसिकेटरमध्ये ठेवलेली असावीत, नाहीतर दमट हवेतली ओल जोडात फेस होऊन परत भेटते.

हातात नायट्राइल मोजे, डोळ्यांवर चश्मा आणि पूड हाताळताना एन-९५ मास्क हवाच. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. ती काही महिन्यांच्या निष्काळजीपणानंतर होते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. कोरड्या ग्राफीन ऑक्साइडचा ढीग ओव्हनमध्ये तापवू नये हेही इथेच सांगतो, कारण १५० ते २०० अंशांच्या दरम्यान तो स्वतःच उष्णता सोडत एकदम भसकन उडू शकतो. रेझिनमध्ये पसरलेल्या अर्ध्या टक्क्याच्या आतल्या मालाला हा धोका नाही.

पत्र्याची तयारी

मिश्रण कितीही चांगले असले तरी तेलकट पत्र्यावर ते टिकत नाही. आधी ॲसिटोनने पत्रा पुसावा, दर वेळी नवे कापड घेऊन. मग ॲल्युमिना मारून सँडब्लास्टिंग करावे किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही दिशांनी घासावे. घासण्याआधी पुसणे या क्रमाला महत्त्व आहे. उलट केले तर तेल ओरखड्यांत कायमचे दाबले जाते. नंतर शुद्ध पाण्याने धुऊन पत्रा उभा धरावा. पाण्याचा पातळ पडदा अर्धा मिनिट न फाटता राहिला तर पत्रा स्वच्छ. थेंब गोळा झाले तर पुन्हा सुरुवात. १५० अंशांच्या जोडासाठी मी यापुढे जाऊन इपॉक्सी गट असलेल्या सिलेनच्या (धातू आणि रेझिन यांना सांधणाऱ्या रसायनाच्या) १ टक्का पाण्यातील द्रावणाने पत्रा १०–१५ मिनिटे ओला ठेवतो आणि ११० अंशांना तासभर सुकवतो. ओलसर हवेतील टिकाऊपणात याने जितका फरक पडतो, तितका ग्राफीन ऑक्साइडनेही पडत नाही.

पत्रे ८० अंशांपर्यंत गरम करून त्यावर मिश्रण लावावे. जोडाची जाडी ०.१ ते ०.२ मिलिमीटर राहावी म्हणून त्या जाडीचे काचमणी किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेचे दोन तुकडे मध्ये ठेवावेत. वाइंडिंगची तांब्याची तार सहज हाताशी असते, पण ॲल्युमिनियमच्या शेजारी तांबे नको. फोल्डबॅक क्लिपांनी दाब द्यावा आणि कडेला आलेला माल साच्याला चिकटू नये म्हणून टेफ्लॉनचा कागद घालावा.

भट्टी

मिनिटाला सुमारे दोन अंश या वेगाने १३० अंशांपर्यंत जाऊन तिथे एक तास, मग १५० ला दोन तास आणि १८० ला दोन तास ठेवावे. टीजी शेवटच्या थेंबापर्यंत हवा असेल तर २०० ला आणखी एक तास. हे आरंभाचे वेळापत्रक आहे, स्वतःच्या रेझिनच्या डीएससी तपासणीनंतर, म्हणजे तापवताना ते किती उष्णता घेते किंवा सोडते हे मोजल्यानंतर, ते बदलता येते. ग्राफीन ऑक्साइडवरचे हायड्रॉक्सिल व कार्बॉक्सिल गट इपॉक्सी-अमाइन विक्रियेला थोडी घाई करतात, त्यामुळे काळ्या घाण्यांचे डीएससी शिखर किंचित अलीकडे आले तर नवल वाटू देऊ नये.

तापमान भट्टीच्या डायलवरून नव्हे, तर जोडाला चिकटवलेल्या थर्मोकपलवरून मोजावे. जाड लोखंडी साचा भट्टीच्या हवेपेक्षा कधी कधी अर्धा तास मागे असतो, आणि तो अर्धा तास हिशेबात धरला की जोड कच्चा राहतो. मध्येच लाइट गेली तर घाबरण्याचे कारण नाही. दार बंद ठेवावे आणि वीज आल्यावर त्या पायरीवरचा उरलेला वेळ पूर्ण करावा, मात्र थंड होण्यात गेलेला वेळ मोजू नये. शेवटी भट्टी बंद करून जोड आतच ६० अंशांखाली येऊ द्यावा. कुतूहलापोटी गरम जोड बाहेर फरशीवर ठेवणे म्हणजे जे तडे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला ते स्वतःच्या हाताने पाडणे.

उरलेले, हार्डनर घातलेले मिश्रण डब्यात ढीग करून ठेवू नये किंवा मोरीत ओतू नये. ॲल्युमिनियम फॉइलवर पातळ पसरून जोडांबरोबरच भट्टीत घट्ट करून घ्यावे, आणि मग तो घनकचरा म्हणून द्यावा.

तपासणी आणि तुटलेला जोड वाचणे

ताकद मोजण्यासाठी एएसटीएम डी १००२ ही अमेरिकी प्रमाण पद्धत सर्वत्र चालते : १.६ मिलिमीटर जाडीचा, २५.४ मिलिमीटर रुंद पत्रा आणि १२.७ मिलिमीटर एकावर एक चढवलेला भाग. क्षेत्रफळ सुमारे ३२३ चौरस मिलिमीटर होते. ५ किलोन्यूटनला जोड तुटला तर कातरताकद १५.५ मेगापास्कल. प्रत्येक घाण्याचे किमान पाच नमुने खोलीच्या तापमानाला आणि पाच १५० अंशांना, तापमान जोडात पोहोचेपर्यंत दहा मिनिटे थांबून, तोडावेत. फक्त थंड असताना तोडून ‘उष्णतारोधक’ असा शिक्का मारणे हा या धंद्यातला जुना रोग आहे.

टीजी डीएमएने, म्हणजे तापवताना कडकपणा कसा बदलतो ते मोजणाऱ्या चाचणीने, मोजला तर आकडा डीएससीपेक्षा दहा-वीस अंशांनी जास्त दिसू शकतो. एका घाण्याचा एका यंत्रावर आणि दुसऱ्याचा दुसऱ्यावर मोजून निष्कर्ष काढू नये.

आकड्यांइतकेच लक्ष तुटलेल्या पृष्ठभागाकडे द्यावे. एका पत्र्यावर सगळे रेझिन आणि दुसरा पत्रा चकचकीत उघडा असेल, तर दोष पत्र्याच्या तयारीत आहे. त्या नमुन्यावरून ग्राफीन ऑक्साइडबद्दल काहीच सांगता येत नाही. दोन्ही पत्र्यांवर रेझिनचा थर राहिला असेल तरच आपण रेझिनची परीक्षा केली असे म्हणता येते. मग भिंगाखाली पाहावे : शून्याच्या घाण्याचा पृष्ठभाग फुटलेल्या काचेसारखा गुळगुळीत असतो, तर चांगला पसरलेला ०.१ टक्क्याचा घाणा खडबडीत, खवल्याखवल्यांचा दिसतो. ०.३ टक्क्याच्या घाण्यात गोल छिद्रे दिसली तर ते अडकलेले वायू आहेत; प्रमाण कमी करावे किंवा १३० अंशांची पायरी लांबवावी. १५० अंशांना ताकद अर्ध्याहून खाली येत असेल, तर ग्राफीन ऑक्साइड वाढवण्याऐवजी ॲसिटोनची वजने, डीडीएसचे प्रमाण आणि थर्मोकपलची नोंद या तीन गोष्टी या क्रमाने पुन्हा तपासाव्यात. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सापडते.

शेवटी तिन्ही घाण्यांचे पाच-पाच जोड १५० अंशांच्या भट्टीत ५०० तास ठेवावेत आणि काढून खोलीच्या तापमानाला तोडावेत. थंड, ताज्या नमुन्यांत ०.१ टक्का आणि शून्य यांच्यात फारसा फरक दिसला नाही म्हणून ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण आत शिरणाऱ्या ऑक्सिजनचा परिणाम या ५०० तासांनंतरच मोजता येतो. शून्याच्या घाण्याचे नमुने त्या भट्टीत, त्याच जाळीवर, इतरांच्या शेजारीच ठेवलेले असावेत.